बारा चित्रांचं घर

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानाचं जुनं जॉब रजिस्टर निम्मं कोरं पडलंय. रकाने छापलेले आहेत: तारीख, फोन, तक्रार, काय केलं, काम कोणी केलं. पूर्वी असं एक रजिस्टर दोन महिन्यांत भरायचं. हल्ली लोक फोन दुरुस्त करून घेत नाहीत, नवीनच घेतात, आणि माझ्याकडे काचेवर फिल्म लावायला येतात. बायको म्हणाली, "मनातलं कोणाशी बोलत तर नाही तुम्ही, लिहा तरी. कागद वाया चाललाय." म्हणून हे लिहिणं. रकाने मधे मधे येतात, पण चालवून घेतो.

आज हातून घोळ झाला. आईचा बटणांचा फोन सकाळपासून अडकत होता. गिऱ्हाइकाच्या फोनचं जे करतो तेच केलं. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने कोड दाबला, 'सगळं पुसायचं का' याला हो म्हटलं. दोन मिनिटांत फोन टुणटुणीत. मोठ्या ऐटीत आईच्या हातात दिला. तिने मेनू उघडला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "माझं घर कुठे गेलं?"

घर म्हणजे थीम. माझ्या धाकट्या बहिणीने, ठिपकीने, सोळा वर्षांपूर्वी आईसाठी बनवलेली. फोनच्या मेनूत कंपनीची बारा चिन्हं असतात. ठिपकीने त्यांच्या जागी आमच्या जुन्या दोन खोल्यांतल्या बारा गोष्टी काढल्या होत्या. मेसेजला दारावरची पत्रपेटी. गजराला बाबांचं तीन पायांचं टेबलघड्याळ (चौथा मी मोडला होता). सेटिंगला बाबांची हत्यारांची पेटी. फोटोंना भिंतीवरची कायम डावीकडे कललेली फ्रेम. गाण्यांना रेडिओ, त्यावर आईने शिवलेलं झाकण. कोणाचे फोन आले-गेले, त्याला जिना. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तिला तो फोन या वस्तूंवरूनच कळायचा. 'रेडिओच्या खाली, घड्याळाच्या शेजारी' असं ती सांगायची. त्या खोल्या आम्ही सोडल्या, पुढे ती इमारतही पाडली. राहिलं होतं ते एवढंच, आणि ते मी चहा पिता पिता पुसलं.

येत्या चोवीस तारखेला आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. संध्याकाळी तिने जाहीर केलं, "घर जसं होतं तसं परत आण. त्याशिवाय मी ऑपरेशनला यायची नाही."

मी म्हटलं, "आई, लहान मुलासारखं काय करतेस!"

"मोठ्या मुलाने घर पुसलं, तर आईने लहान व्हायला काय हरकत आहे?"

५ फेब्रुवारी, बुधवार

वाटलं होतं, रात्रीत विसरेल. कसली विसरते! सकाळी उठल्या उठल्या, "झालं का?"

दवाखान्यात फोन करून पाहिला. ही तारीख सोडली तर पुढची तीन महिन्यांनी. मोतीबिंदू पिकत चाललाय, आता लांबवू नका, असं डॉक्टरांनी मागेच बजावलंय. म्हणजे माझ्याकडे एकोणीस दिवस आहेत.

बायको म्हणाली, "सोपं आहे की. ठिपकीताईंना विचारा."

माझं आणि ठिपकीचं भांडण वगैरे काही नाही. बोलणं होत नाही, इतकंच. ती इथून सात तासांच्या रेल्वेच्या अंतरावर राहते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दर रविवारी चारला आईला फोन करते. मी तेव्हा बहुतेक दुकानात असतो, किंवा दुकानात जातो. बाबा गेले तेव्हा चार दिवस आली होती. 'चहा घेतलास का', 'घेतला', याच्या पुढे आमची गाडी गेली नाही.

मी आईला म्हटलं, "तूच विचार ना तिला."

"मी कशाला? पुसलंस तू."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. खोक्यात केबली, चार्जर, आणि एका डबीत मेमरी कार्डं. कार्डांची डबी बघून काम बाजूला राहिलं आणि मी दुपारभर तिथेच पाय पसरून बसलो.

काय दिवस होते! तेव्हा थीम इंटरनेटवरून उतरवली की झिप, म्हणजे फायलींचं बंद गाठोडं, होऊन यायची आणि फोन तिला ओळखच द्यायचा नाही. दोन दिवस आम्ही डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी ठिपकी म्हणाली, "दादा, टिंबाच्या पुढची तीन अक्षरं बदलून बघू?" झिप खोडून, त्या फोनच्या थीमना लागतं ते एनटीएच लिहिलं. आत काडीचा फरक नाही, फक्त आडनाव बदललं. केबलने फोनमध्ये टाकली आणि फोनने मुकाट्याने लावून घेतली. अख्खा पडदा हिरवागार झाला. आम्ही दोघं एवढ्याने ओरडलो की शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन धावत आला.

चार दिवसांनी तिला उलटं सुचलं. एनटीएचचं झिप केलं तर? केलं, आणि थीम डब्यासारखी उघडली. आत चित्रं, सूर आणि एक यादीची फाइल: कोणतं चित्र कुठे लावायचं, थीमचं नाव काय, बनवणारा कोण. त्या दिवसापासून तिने दुसऱ्यांच्या थीम लावणं सोडलं आणि स्वतःच्या काढायला घेतल्या, एकेक ठिपका मोजून. तेव्हापासून ती ठिपकी.

आणि काय काय काढायची! एका दातांच्या डॉक्टरांना तिने अशी थीम करून दिली की बॅटरी उतरत जाईल तसा एकेक दात पडायचा. शेवटी बोळकं दिसलं की चार्जिंगला लावायचा. ते डॉक्टर मुद्दाम चार्जिंग संपू द्यायचे. बसच्या कंडक्टरला तिकिटांची, गवंड्याला विटांची. काउंटरला लोक तिपदरी उभे असायचे. मी फोन हातात घ्यायचा, ठिपकीने मागच्या स्टुलावरून थीम पाठवायची.

एकच खोड होती तिची. प्रत्येक चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका राहून जायचा. मी दहादा सांगितलं, "अगं, तो डाग काढ." ती म्हणायची, "राहू दे." एक मास्तर स्क्रीनवर डाग आहे म्हणून फोन घेऊन परत आले. मी शहाण्यासारखा त्यांचा डिस्प्ले बदलून दिला. डाग जिथल्या तिथे. ठिपकी पोट धरधरून हसली होती, आणि मास्तर आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

कार्ड सापडलं. दोनशे अकरा फायली, सगळ्या जेपीजी, आणि एकही उघडेना. मला वाटलं, कार्ड मेलं. मग डोक्यात प्रकाश पडला. समोरच्या दुकानातला गॉगलवाला आमच्या थीम ब्लूटूथने पळवायचा. त्याला चकवायला आम्हीच सगळ्या थीमना जेपीजी करून ठेवलं होतं, म्हणजे फोटो वाटावेत. गॉगलवाला फसला की नाही माहीत नाही. मी मात्र आज फसलो.

मग एकेकीचं नाव बदलत बसलो. जेपीजी काढून एनटीएच लिहितोय, लिहितोय, आणि काही होत नाही. दीड तासाने कळलं की कॉम्प्युटर शेवटची अक्षरं लपवतोय, मी नुसतं नावात नाव चिकटवतोय. सेटिंग बदलल्यावर दिसली 'एनटीएच डॉट जेपीजी' अशी दुहेरी आडनावांची वरात. बायको दारात उभी राहून म्हणाली, "लोकांचे फोन तुम्हीच दुरुस्त करता ना?"

एकशे ऐंशीव्या फाइलीला 'घर' दिसलं. पण ते कच्चं निघालं: पूर्ण 'घर' फक्त आईच्या फोनमध्येच होतं. यात आठच चित्रं. जिना, खिडकी, शिलाई मशीन आणि दार यांच्या जागा रिकाम्या.

आईला कॉम्प्युटरवर दाखवलं. तिने घड्याळावर बोट ठेवून पाय मोजले. मग म्हणाली, "तीन पाय आहेत. बरोबर आहे." मग हत्यारांची पेटी पाहून, "कडी उघडीच असायची तुझ्या बाबांची, तीसुद्धा तिने उघडी काढलीय." तिच्या आवाजाने मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "आठ तर मिळाली."

"चार नाहीत. आणि तो लाल ठिपका आहे का बघ."

"आहे. तो दोष आहे, आई. राहून गेलाय."

"दोष होय," आई म्हणाली, आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावायला बसली. सुईत दोरा एका झटक्यात ओवला. मी म्हटलं, मोतीबिंदूवाल्या बाईला हे कसं दिसतं? तर म्हणाली, उजवा शाबूत आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक गोष्ट लिहायची टाळतोय. या वहीत माझ्याशिवाय कोण डोकावणार आहे? लिहून टाकतो.

कच्चं 'घर' झिप करून उघडलं तेव्हा यादीच्या फाइलीत 'बनवणारा' पुढे काहीच नव्हतं. तिने कधीच काही लिहिलेलं नसायचं, मोकळी जागा सोडायची. मग कार्डावरच्या बाकीच्या उघडल्या. दात, विटा, तिकिटं. सगळ्यांत 'बनवणारा' पुढे माझं नाव. ते मी घातलेलं.

आमच्या थीम शहरभर फिरत होत्या. एका फोन कंपनीची दोन माणसं चौकशीला येणार, असा निरोप आला. आदल्या दिवशी ठिपकी घरी गेल्यावर मी विकायच्या सगळ्या थीम एकेक करून उघडल्या आणि माझं नाव टाकलं. फक्त 'घर'ला हात लावला नाही. ते विकायचं नव्हतं, आईचं होतं. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. दुकान माझं, पाटी माझी, मग नाव कोणाचं असणार? माणसं आली. त्यांतल्या कोटवाल्याने विचारलं, "हे कोण करतं?" मी म्हणालो, "मीच."

ठिपकी मागे स्टुलावर एका फोनच्या काचेवर फिल्म बसवत होती. तिने ती शेवटपर्यंत बसवली, एकही बुडबुडा राहू दिला नाही. फोन गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि घरी गेली. पुन्हा दुकानात आली नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे काम धरून शहर सोडून गेली.

कंपनीची माणसंही परत फिरकली नाहीत. वर्षा-दोन वर्षांत बोटाने चालणारे फोन आले आणि थीमचा धंदाच बसला. ज्याच्यासाठी मी खोटं बोललो ते हातात आलंच नाही. आईला तेव्हा म्हणालो होतो, "नावाचं काय एवढं घेऊन बसलीय ती?" आई म्हणाली होती, "नावाचं एवढं काही नव्हतं, तर तिचंच घालायचं होतंस."

ठिपकीच्या वेळचं एक रजिस्टर काढून चाळून पाहिलं. 'काम कोणी केलं' या रकान्यात सगळीकडे माझी सही. निम्म्या ओळींतलं काम तिचं आहे. मला लाज वाटली. सोळा वर्षांनी वाटली, पण वाटली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं, उरलेली चार चित्रं आपणच काढायची. आठवायला तर सगळं आठवतं. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या, सातवी बोलायची. खिडकीची एक काच पुठ्ठ्याची होती. मशीनचं चाक आई अंगठ्याने फिरवून सुरू करायची, दाराची वरची कडी ठिपकीचा हात पोचायला लागला तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना तीनदा काढून-लावून दाखवली होती. हे सगळं डोळ्यांसमोर आहे. बोटांत उतरेल तर शपथ.

दोन दिवस ठिपके मांडतोय. कोपऱ्यातला लाल ठिपकाही न विसरता चारही चित्रांत टाकला. 'जसं होतं तसं' म्हणजे तसं.

आईला दाखवलं. तिने नीट पाहिलं.

"हा कंगवा कशाला?"

"जिना आहे तो."

"आणि ही बकरी?"

"शिलाई मशीन."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिकडून बराच वेळ नळाचा आवाज येत होता, पण भांडी घासल्याचा येत नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज चारला मी घरीच होतो. शेजारच्या खोलीत दार ढकलून बसलो. ऐकायचं म्हणून नाही. आई फोनवर हळू बोलत होती, तरी कानावर आलं: "नाही गं, अजून नाही. होईल. तू मात्र पाठवू नकोस, सांगून ठेवते."

लोकरीचं चाललं असणार. ठिपकी दर थंडीत आईला लोकर पाठवते. कपाटात जागा नाही, आईचं म्हणणं बरोबर आहे. पण ऑपरेशनच्या आठ दिवस आधी या बाईला लोकर सुचते, याला काय म्हणावं!

थोड्या वेळाने आईचा हसण्याचा आवाज आला. ठिपकीशी बोलताना आई जशी हसते तशी माझ्याशी हसत नाही. पूर्वी हसायची, आम्ही दोघं समोर असलो की.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बारा चित्रं झाली, म्हणजे आठ आणि कंगवा वगैरे चार. यादीची फाइल केली, सगळं एका फोल्डरमध्ये घातलं, झिप केलं, झिपचं एनटीएच केलं, आईच्या फोनमध्ये टाकलं. फोन म्हणतो, फाइल बिघडलेली आहे. पुन्हा केलं. बिघडलेली आहे. चौदा वेळा केलं. अक्षरं तपासली, लपलेली नाहीत. चित्रांची मापं तपासली. डोळ्यांना धारा लागल्या.

सहा दिवस उरलेत. डॉक्टरांकडून आठवणीचा फोन आला, आई म्हणाली, "मुलाला विचारा, त्याचं काम झालं की मी येते." पलीकडच्या बाईला वाटलं असेल, मुलगा काय डोंगर पोखरतोय.

बायको आज चेष्टा न करता म्हणाली, "अहो, एवढं माहीत असलेलं माणूस जगात एकच आहे. विचारा की."

मी म्हटलं, "काय तोंडाने विचारू?"

"जे आहे त्याच."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आईला म्हटलं, "ठिपकीचा नंबर दे." वाटलं, आता कशाला, काय, कसं, सगळं विचारेल. तिने हातातलं विणकाम खाली न ठेवता अख्खा नंबर एका दमात सांगितला. मग, मी न मागता, पुन्हा एकदा सावकाश सांगितला.

मेसेज लिहायला सकाळ गेली. आधी दोन पानी लिहिला, पुसला. मग 'कशी आहेस' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी गेलं ते असं: 'घर उघडत नाही. फाइल पाठवतो, बघशील का? दादा.' खाली झिप जोडली.

चाळीस मिनिटं मी फोन उलटा ठेवून फिल्मा कापत बसलो. मग वाजला.

'फोल्डरसकट बांधलंयस. फोल्डरच्या आत जा, आतल्या फायली निवड आणि त्याच बांध. दाबून लहान करू नकोस, नुसत्या बांध.'

हीच चूक मी सोळा वर्षांपूर्वी दर चार दिवसांनी करायचो. ती तेव्हाही स्टुलावरून हेच सांगायची, याच चिडक्या सुरात. तो सूर मेसेजमध्येही ऐकू आला आणि मला भर दुकानात रडू आलं. गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं, सोल्डरचा धूर गेला डोळ्यात. सोल्डर बंद होतं.

तिने सांगितलं तसं केलं. फोनने एकदाही कुरकुर न करता 'घर' लावलं. लिहिलं, 'उघडलं.'

'जिना कोणी काढलाय?'

'मी.'

'दिसतंय.'

मग मात्र मी थांबलो नाही. लिहिलं: 'यादीत बनवणारी म्हणून तुझं नाव घातलंय. तेव्हा माझं घातलं होतं आणि तोंडानेही खोटं बोललो. चुकलो, ठिपके.' पाठवलं. तिने वाचलं, तशी खूण दिसली. उत्तर आलं नाही.

घरी आल्यावर आईने फोन घेतला, रेडिओ पाहिला, घड्याळ पाहिलं, कंगवा पाहिला.

"चार दुसऱ्या हाताची आहेत," ती म्हणाली. "जसं होतं तसं नाही. बघू रविवारी."

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या ऑपरेशन आणि आई बॅग भरायला तयार नाही. ठिपकीचंही उत्तर नाहीच. चार वाजले, फोन वाजला नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मी कासावीस, आई निवांत विणत बसलेली. मी म्हटलं, "अगं, तिचा फोन नाही आला. माझ्यामुळे चिडली असेल." आई म्हणाली, "एक टाका सुटला बघ तुझ्या बोलण्याने."

सव्वाचारला दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. ठिपकी. खांद्याला बॅग, कानाजवळ केस पिकलेले. "दादा, आत येऊ का?" तिने विचारलं. माझ्या बहिणीला हे विचारावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. मी नुसता बाजूला झालो. बायकोने तिची बॅग घेतली आणि चहा ठेवला.

ठिपकीने पर्समधून तिचा जुना बटणांचा फोन काढला. चार्जिंग पूर्ण. मेनू उघडला. बाराच्या बारा चित्रं! जिना, सातव्या पायरीला बारीक चीर. खिडकी, पुठ्ठ्यासकट. मशीन. दार, कडी काढलेलं.

"तुझ्याकडे होतं?" मी ओरडलोच. "मग पहिल्या दिवशीच पाठवायचंस ना!"

ठिपकीने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे कोणी मागितलंच नाही," ठिपकी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. माझी बायकोसुद्धा. मी तीन आठवडे डोळे फोडून घेतले, यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. पण आई तशी हसत होती, पूर्वीसारखी, आम्ही दोघं समोर असताना.

चहा घेताना मी मान खाली घालून पुन्हा म्हटलं, "ठिपके, चुकलो मी." ती कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी खूप वर्षं चिडले होते, दादा. तू 'मीच' म्हणालास, त्याने फार लागलं. दुकान तुझंच होतं, ते मला मान्य होतं. 'आम्ही' एवढं जरी म्हणाला असतास ना." तिने माझ्या कपातला उरलेला चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला. लहानपणी असंच करायची.

मग आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. माझी चार चित्रं मोठी करून तिने पाहिली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "यावर माझी सही कशाला ठोकलीस?"

"कुठली सही?"

"लाल ठिपका. सही होती ती माझी. तुला काय वाटलं?"

मला ते मास्तर आठवले. त्यांचा तो नवा डिस्प्ले आठवला. मी कपाळाला हात लावला. म्हणजे तिचं नाव प्रत्येक चित्रात होतंच, आणि ते पुसून टाक असं मी तिला दहादा सांगितलं होतं.

तिच्या फोनमधलं 'घर' कॉम्प्युटरवर घेतलं. तिने बनवलं त्याच दिवशीची ती प्रत, कंपनीची माणसं यायच्या आठवडाभर आधीची. हाताला सवय, मी एनटीएचचं झिप केलं आणि यादीची फाइल उघडली. 'बनवणारा' पुढची जागा मोकळी असेल, असं धरून चाललो होतो. तशी नव्हती. तिथे दोन नावं होती. आधी माझं, मग तिचं.

बाकी सगळ्या थीममध्ये तिने जागा मोकळी सोडली होती. आईच्या या एकीत मात्र दोघांची नावं लिहिली होती, आणि नेमकी हीच मी कधी उघडून पाहिली नाही. सोळा वर्षं ती आईच्या फोनमध्ये होती. मी त्या फोनची बॅटरी बदलली, बटणं बदलली, परवा तो पुसलाही. ठिपकी म्हणाली, "सरक जरा," आणि माझ्याच स्टुलावर अर्धी बसली.

आईला विचारलं, "तिचंच लावू ना? जसं होतं तसं?"

"तिचंच लाव. जिना मात्र याचा ठेव."

"तो कंगवा?" ठिपकी म्हणाली.

"त्या कंगव्यावरूनच वर आलीस ना?"

ठिपकीने माझ्या जिन्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका पुसला आणि तिथे निळा ठेवला. "हा तुझा," म्हणाली. मग आम्ही फायली बांधल्या. आतल्या, फोल्डर सोडून. आईने बॅग भरायला घेतली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डोळ्यावर पट्टी, पण खोलीत आणल्या आणल्या आईने फोन मागितला. ठिपकी म्हणाली, "आज डोळ्यांना त्रास नको." आई म्हणाली, "बघायचा नाहीये, नुसता हातात दे." हातात घेऊन झोपली.

ठिपकी आठ दिवस राहणार आहे. दुपारी दुकानात आली होती. स्टूल अजून तेच आहे का, म्हणून बघून गेली.

आईच्या फोनची नोंद रजिस्टरात राहूनच गेली होती, ती केली. तक्रार: घर दिसत नाही. काय केलं: परत लावलं. काम कोणी केलं, इथे दोन नावं लिहिली. आधी तिचं.